पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या वारंगा फाट्याच्या आसपासची जमीन हलली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रानं तीव्रता ४.५ नोंदवली. अकराच मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. भूकंपाचं केंद्र कळमनुरी तालुक्यात होतं, फाटाही त्याच तालुक्यातला. नांदेड, परभणीपर्यंत लोक अंगणात आले. त्याच दिवशी नांदेडच्या जिल्हा प्रशासनानं आवाहन केलं, की घरावरच्या पत्र्यांना आधार म्हणून ठेवलेले दगड उतरवून घ्या. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला. या वेळी केंद्र रामेश्वर तांड्याजवळ, तालुका तोच.

आवाहन योग्यच होतं. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर दहा-बारा किलोचा दगड असणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे. पण मार्च संपला की या भागात वळवाचे दिवस सुरू होतात. दुपारी तीनपर्यंत अंगाची लाही लाही, मग पश्चिमेला काळा पडदा, धुळीचा लोट आणि पंधरा-वीस मिनिटं असा वारा, की अर्धापूरकडची घडाला आलेली केळी आडवी होते. फाट्यावर खिचडी खाताना बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका आजींनी मला सगळा पेच दोन वाक्यांत सांगितला होता : "दगूड काढला तं पत्रं उडतंय, ठिवला तं डोक्यात पडतंय. आता तुमीच सांगा, माणसानं काय करावं?"

हा लेख म्हणजे आजींना द्यायचं उत्तर आहे. थोडं लांबेल, कारण पत्र्यांचा मला जुना नाद आहे. नांदेड-हिंगोली रस्त्यानं जाताना बाकीचे प्रवासी हळदीची शेतं बघतात, मी छपरं बघतो. कुठं दगड, कुठं जुने टायर, कुठं वाळूनं भरलेली पोती, कुठं मोडका नांगर. घरोघरीच्या सामानाची यादीच छपरावर मांडलेली असते.

आधी हिशेब करू. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा भरतो साधारण बारा किलो. वारा त्याच्यावरून वेगानं जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर एका चौरस मीटरमागे सुमारे ४७ किलोचं बळ येतं. म्हणजे एका पत्र्याला १३० किलोची ओढ. त्यावर प्रत्येकी दहा-बारा किलोचे चार दगड ठेवलेत, तर पत्र्यासकट वजन होतं साठच्या आत. ताशी ५० च्या वाऱ्यात हीच ओढ ३३ किलोच असते, कारण वेग दुप्पट झाला की बळ चौपट होतं. म्हणून दगड रोजच्या वाऱ्याला पुरतो आणि खऱ्या वादळाला पुरत नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात गावोगावचा वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. औरंगाबादसाठी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. त्या वेगाला पत्र्यामागे ओढ येते अडीचशे किलोंच्या वर. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना याहूनही जास्त. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं, तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो तो वेगळाच. छप्पर उडालेल्या घरांत अनेकदा हेच कळतं, की कुणीतरी गुरं सोडायला किंवा वाळवण आणायला धावलं आणि दार सताड उघडं राहिलं.

पत्रा धरून ठेवायचं काम हुकाचं. बाजारात इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे हुक मिळतात, आठ मिलिमीटरचे घ्यावेत. हुक खालच्या लोखंडी अँगलला किंवा पाइपला अडकतो, वरून डांबरी वायसर, त्यावर लोखंडी वायसर, मग नट. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, पन्हाळीत नाही. पन्हाळीत पाडलं की पहिल्याच पावसात गळतं, मग घरमालक चिडून हुकच काढून टाकतो. मधल्या भागात अंतर थोडं जास्त चालतं, कडेच्या ओळीत एक उंचवटा सोडून एक हुक हवाच. कारागीर मात्र उलट करतो. मधे घाईनं भरपूर ठोकतो आणि कडेला, शिडीवर वाकून काम करावं लागतं तिथं, कंटाळा करतो. हल्ली चौकोनी पाइपवर मशिननं सेल्फ स्क्रू मारायची पद्धत आली आहे. काम झटपट होतं, पण पातळ पाइपमध्ये स्क्रूचे दोन-तीनच आटे धरतात. हातानं हलवून बघा, खुळखुळला तर वादळात निघणार हे नक्की.

हुक चांगला बसला, तरी पुढची कडी बघायची. पत्रा अँगलला धरला, अँगल कशाला धरलाय? बहुतेक घरांत तो भिंतीच्या शेवटच्या थरात विटांमध्ये नुसता टेकवलेला असतो, वर थोडं सिमेंट लिंपलेलं. मग पत्रे सुटे उडत नाहीत, अख्खं छप्पर अँगलसकट उचललं जाऊन शेजारच्या शेतात पडतं. अँगलला वेल्डिंग केलेली सळई भिंतीत काँक्रीटमध्ये खाली तीन-चार फूट गेलेली असावी. वळचण हात-दीड हाताहून जास्त बाहेर काढू नये, तिथंच वाऱ्याला उचलायला पकड मिळते. चारही बाजूंना उतरतं छप्पर वाऱ्याला सगळ्यात कमी सापडतं. आपल्याकडं ते कुणी करत नाही, कारण पत्रे तिरपे कापावे लागतात आणि तुकडे वाया जातात.

पत्र्याची शेडच निवारा समजणं किती महागात पडतं, ते अकोला जिल्ह्यातल्या पारस गावानं पाहिलं. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री बाबूजी महाराज संस्थानात जमलेले भाविक वादळी पावसात शेडखाली थांबले, शेजारचं कडुनिंबाचं जुनं झाड शेडवर कोसळलं आणि सात जण गेले. घर बांधताना कडुनिंबाची सावली धरून बांधायची आपली रीत आहे. मला ती आवडते, पण झोपायची खोली झाडाच्या पडण्याच्या टप्प्यात नसावी एवढं बघावं.

अमेरिकेत या विषयाचं मोठं शास्त्र झालं आहे. ११ मे १९७० ला टेक्सासमधल्या लबॉक शहरात चक्रीवातानं (टॉर्नेडोनं) २६ माणसं मारली, आणि तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी पडझड तपासायला सुरुवात केली. घराच्या मधोमधची छोटी न्हाणीघरं, कपड्यांच्या खोल्या अनेकदा उभ्याच राहिल्या होत्या. त्यातून 'घरातली एकच खोली भक्कम करा' ही कल्पना निघाली. तिथं सुरक्षित खोलीची भिंत तपासायला साडेसहा-सात किलोची लाकडी फळी तोफेतून ताशी १६० किलोमीटर वेगानं मारतात. आपल्याकडं अशी वादळं विरळा. ओडिशा-बंगालच्या सीमेवर मार्च १९९८ मध्ये आणि बांगलादेशात दौलतपूर-साटुरियाला २६ एप्रिल १९८९ रोजी झालेला संहार भयंकर होता, पण मराठवाड्याला त्या टोकाची तयारी नको. शास्त्राचं एवढंच पुरे.

माझी भाची डॅलसला राहते. तिला मी विचारलं, तळघर आहे का? म्हणाली, "नाही मामा, इथली माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात फुगते. तळघर बांधत नाहीत कुणी. आम्ही जिन्याखालच्या खोलीत बसतो." मी उडालोच. टेक्सासची ती काळी जमीन आणि कयाधू नदीच्या खोऱ्यातली आपली रेगूर या मृदाशास्त्राच्या एकाच गटातल्या. तेव्हा ज्यांना वादळासाठी जमिनीखाली खोली खणायची हौस असेल, त्यांनी वारंगा परिसरात ती टाळावी. पावसाळ्यात फुगलेली माती भिंत आत ढकलते, उन्हाळ्यात तीच माती भिंतीपासून सुटते, आणि जुलैत तळघरात गुडघाभर पाणी. जुनी पेवं कुणाला आठवत असतील, तर त्यांत धान्य होतं, माणूस नव्हता. आणि पेव उघडल्यावर लगेच आत उतरणारा कोंदट हवेनं गुदमरून मेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत.

मग जुनं माळवद? दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी तुळयांवर हातभर पांढरी माती. वळवाच्या वाऱ्यानं त्याला काही होत नाही, उन्हाळ्यात आत गारवा. पण ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात हीच घरं कबरी झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हापासून मराठवाड्यात जड छपराची भीती बसली आणि लोक पत्र्याकडं वळले. माझं मत जरा वेगळं आहे. वजनाइतकाच दोष सुटेपणाचा होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड वेगवेगळे रचलेले, मधे चिपा आणि मातीचा भराव, दोन्ही थर बांधणारा आरपार लांब दगड कुठंच नाही. भिंत हलली, दोन्ही पाखं फाकली, वरची माती खाली आली. ज्या वाड्यांत लाकडी खांबांचे खण मजबूत होते, तिथं भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर तोललेलं राहिल्याची उदाहरणं अभ्यासकांनी नोंदली आहेत.

म्हणजे भूकंप आणि वादळ दोघांचीही मागणी एकच आहे : छप्पर भिंतीला, भिंत पायाला बांधलेली असू द्या. नुसतं वर ठेवलेलं काही नको, मग तो दगड असो की माळवदाची माती.

म्हणून माझा सल्ला असा. सगळं घर स्लॅबचं करणं परवडत नसेल, तर दहा बाय दहाची एकच खोली करा. अमेरिकेतल्यासारखं न्हाणीघर निवडू नका. वादळ काळ्या ढगांनी आधी सांगून येतं, भूकंप सांगत नाही, त्यामुळं ती खोली झोपायचीच असावी. पाया काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा आणि भराव मुरमाचाच घ्यावा, खणलेली काळी माती परत टाकू नये. चार कोपऱ्यांना चार कॉलम, प्रत्येकात बारा मिलिमीटरच्या किमान चार सळया. रिंगांचं अंतर वर-खाली जोडाशी चार इंच, मधे सहा. रिंगेची टोकं काटकोनात न सोडता आत कॉलमच्या पोटात वळवलेली हवीत. गवंडी म्हणेल, "साहेब, एवढं कोण बघतंय?" आपण बघायचं. जोत्याला, दारा-खिडकीच्या डोक्यावर आणि स्लॅबखाली असे सलग तीन पट्टे. साडेचार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला २८० किलोंच्या घरात जातं. १४० च्या वाऱ्याची ओढ तिथं शंभराच्या आत. उडायचा प्रश्नच मिटतो. खिडकी एकच आणि लहान, तीही पश्चिमेला नको. दाराला तीन बिजागऱ्या, आतून वर, मधे आणि खाली कडी.

विजेचं वेगळं सांगायला हवं, कारण मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत वीज पडून दर वर्षी शेतात माणसं जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर आधी सांगतं. घरात एकाच्या तरी मोबाइलवर ते असावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास त्या खोलीतून बाहेर पडू नये.

घरकुलाचं काम काढणाऱ्यांनी ही खोली पहिल्या हप्त्यातच आखून घ्यावी, नंतर जोडता येत नाही. आणि ज्यांचं पत्र्याचं घर आधीच उभं आहे, त्यांना एकच विनंती. दिवाळीच्या रंगरंगोटीला शिडी लावालच, तेव्हा वेल्डरला बोलावून कडेच्या ओळीचे हुक तपासून घ्या. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटतो. आधी हुक बसवा, अँगल भिंतीला जखडा, आणि मगच दगड खाली उतरवा.