महारेराचा नंबर गोव्यात चालतो का?



सावंतवाडीच्या एका ताईंनी विचारलं, "दादा, माझं महारेराचं एजंट रजिस्ट्रेशन आहे. पुण्याचा एक क्लायंट म्हापशाला नव्या प्रोजेक्टमध्ये 40 लाखांचा फ्लॅट घेतोय. बिल्डर 2 टक्के ब्रोकरेज देणार आहे. माझं लायसन्स गोव्याला ट्रान्सफर होईल का?"

सरळ उत्तर: नाही. 2016 च्या रेरा कायद्यात एजंटचं रजिस्ट्रेशन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रान्सफर करण्याची सोयच नाही. कलम 9 नुसार मिळणारं रजिस्ट्रेशन त्या एका राज्यापुरतं असतं. म्हणजे महारेराच्या एका नंबरवर तुम्ही कुडाळपासून नागपूरपर्यंत काम करा, पण बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की तो नंबर संपला. तिथे गोवा रेराचा नंबर लागतो.

मग कुठल्या राज्याचा नंबर बघायचा?

जागा जिथे, नंबर तिथला. क्लायंट पुण्याचा आहे, तुमचं ऑफिस सावंतवाडीला आहे, याने फरक पडत नाही. फ्लॅट म्हापशाला, तर नंबर गोव्याचा. उलट, पणजीच्या माणसाला पुण्यात फ्लॅट दाखवत असाल तर महारेराचा नंबर पुरेसा.

"मी फक्त ओळख करून दिली"

इथेच बरेच जण फसतात. कायद्यातली एजंटची व्याख्या वाचा. खरेदीदार आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणाराही त्यात येतो, मग ती फोनवरून का असेना. कमिशनला 'रेफरल फी' म्हटलं म्हणून सुटका होत नाही.

आता हिशोब करू. 40 लाखांवर 2 टक्के म्हणजे कमाई 80 हजार. कलम 62 प्रमाणे रजिस्ट्रेशन नसताना काम केलं तर दिवसाला 10 हजार रुपये दंड, आणि तो एकूण प्रॉपर्टीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. इथे 2 लाख! 80 हजारांसाठी 2 लाखांची जोखीम घेणं हा धंदा नाही, जुगार आहे.

मग करायचं काय?

1. वर्षाला गोव्यातले चार-पाच सौदे होणार असतील तर गोवा रेराकडे नवा अर्ज करा. महारेराचं रजिस्ट्रेशन तसंच चालू राहतं, दोन्ही ठेवता येतात. पॅन, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा आणि मागच्या 3 वर्षांची आयकर रिटर्न्स आधीच काढून ठेवा. फी आणि बाकीच्या अटी प्रत्येक राज्याच्या वेगळ्या असतात, त्यामुळे महाराष्ट्राचा अनुभव तिथे लावू नका. गोवा रेराच्या वेबसाइटवर बघूनच फॉर्म भरा.

2. एखादाच सौदा असेल तर तो तिथल्या रजिस्टर्ड एजंटकडे सोपवा आणि कमिशनचा मोह सोडा. आज 80 हजार गेले तरी क्लायंट तुमचाच राहतो. उद्या पुण्यातलं घर विकायचं झालं की तो तुम्हालाच फोन करेल.

3. नंबर मिळाला की तो प्रत्येक व्यवहारात लिहा. बिल्डरलाही प्रोजेक्टच्या नोंदणीत आपल्या एजंटांची नावं-पत्ते द्यावे लागतात. तुमचं नाव तिथे आहे ना, हे विचारून घ्या.

बिल बनवताना

तुम्ही जीएसटीत असाल आणि ऑफिस फक्त महाराष्ट्रात असेल, तर गोव्यातल्या प्रॉपर्टीच्या ब्रोकरेजवर सीजीएसटी-एसजीएसटी लावू नका. इथेही जागा जिथे आहे ते राज्य धरतात, म्हणून 18 टक्के आयजीएसटी लागतो. बिल देण्याआधी तुमच्या सीएला एकदा दाखवा.

ताईंना मी एवढंच सांगितलं: आधी नंबर, मग साइट व्हिजिट. तुम्हीही राज्याच्या सीमेजवळ काम करत असाल, बेळगाव, वापी किंवा हैदराबादकडे क्लायंट नेत असाल, तर हाच क्रम ठेवा.