कार्ब्युरेटरचे तोंड आणि गिऱ्हाइकाचा भरवसा

कार्ब्युरेटरच्या मोटारी आता नव्या बनत नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. तरीही जुन्या मोटारींचे शौकीन आहेत, आणि त्यांना गाडी नुसती चालायला नको, पळायला हवी असते. कॉम्प्युटर लावून दोष शोधणाऱ्या वर्कशॉपात अशा गाडीला सहसा कोणी हात लावत नाही. ती येते जुन्या उस्ताद मिस्त्रीकडे. काम चांगल्या पैशाचे आहे, म्हणूनच कार्ब्युरेटरला हवा पुरविणाऱ्या सामानाबद्दल आमच्या कारागीर व दुकानदार बांधवांशी थोडे बोलावे असे वाटले.

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. फियाटचे १०८९ सी.सी.चे इंजिन ६००० फेऱ्यांवर असताना सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले, तर मिनिटाला ३२०० लिटरहून जास्त हवा ओढेल. एवढा कारभार चार बोटे रुंदीच्या तोंडातून चालतो!

शौकिनांच्या तोंडी नाव असते ते वेबरचे. एदुआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये इटलीतील बोलोन्या शहरात हा धंदा सुरू केला. आल्फा रोमिओ, लोटस यांच्या वेगवान गाड्यांवर त्यांचा आडवा, दोन तोंडांचा डी.सी.ओ.ई. कार्ब्युरेटर असे. जुन्या मालावर बोलोन्याची मोहर दिसते, पुढचा माल स्पेनचा. बाजारात नकलाही पुष्कळ आहेत, तेव्हा मोहरेबरोबर थ्रॉटलच्या दांड्याची ढिलाईही हाताने पाहावी. ४० किंवा ४५ हा आकडा थ्रॉटलजवळच्या भोकाचा, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक मोठ्या आकड्यावर खूश होते. पण हवेचा वेग ठरवितो तो आतला चोक, म्हणजे व्हेंच्युरी. तो फार मोठा बसविला की कमी फेऱ्यांवर हवा संथ होते, पेट्रोल नीट ओढले जात नाही, आणि गाडी सिग्नलवरून उचलताना गचके खाते.

आता तोंडावरचा भोंगा, ज्याला ट्रम्पेट म्हणतात. काही जण तो शोभेची वस्तू समजतात. तसे नाही. धारदार कडेच्या उघड्या नळीत शिरताना हवा कडेपासून सुटते आणि नळीचा काही भाग वायाच जातो. कड गोल वळवून मागे नेलेली असेल तर हवा सरळ आत सरकते. लांब भोंगा मधल्या फेऱ्यांवर जोर देतो, आखूड भोंगा वरच्या फेऱ्यांवर. रस्त्यावरच्या गाडीला, बॉनेटखाली जागा असेल तर, लांबच बरा. शिवाय काही फेऱ्यांवर पेट्रोलचे धुके तोंडाबाहेर उलट येते, तेही लांब भोंग्यात अडते. अॅल्युमिनियमचा असा भोंगा आमचे खरादी बांधव सहज उतरवू शकतील. कडेची गोलाई मात्र डोळ्याने नको, फर्म्याने मोजावी.

खरी चूक होते ती फिल्टर बसविताना. भोंग्याचे तोंड आणि फिल्टरचे झाकण यांत अंतर किती? हिशेब सोपा आहे. तोंडाच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतके अंतर ठेवले तर भोवतालची वाट तोंडाएवढीच होते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या तोंडाला १५ मिलिमीटर, आणि ही अगदी खालची हद्द झाली. आम्ही म्हणू, दुप्पट ठेवा. नाहीतर महागडा भोंगा झाकणाला टेकून गुदमरतो. डी.सी.ओ.ई.च्या तोंडाच्या बाजूला फ्लोट चेंबरच्या हवेचे छिद्र असते. फिल्टरच्या पाठच्या पत्र्याने किंवा गॅस्केटने ते झाकले गेले की मिश्रणाचा तोल जातो, आणि मिस्त्री बिचारा दिवसभर जेट बदलत बसतो.

नुसती तारेची जाळी खडा अडविते, धूळ नाही. आपल्याकडच्या धुळीत तिच्यावर गाडी चालविणे म्हणजे रिंगा आणि बोअर घासून घेणे. फोमच्या टोपीत उलट आलेले पेट्रोल मुरते. त्यात इंजिनाने तोंडातून भडका मारला तर आग लागू शकते. मोठ्या पेटीतला कागदी किंवा तेल लावलेला सुती फिल्टर आम्हाला अधिक पसंत. पेटीला हवा रेडिएटरच्या पुढून, पाइपने आणावी. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असेल, तर आतली हवा सुमारे साडेसात टक्के विरळ असते. तेवढा जोर फुकट गेला.

हवा वाढली की जेट बदलावे लागणारच. एका सिलिंडरला एक तोंड असेल तिथे चोकच्या चौपट मेन जेट धरून सुरुवात करतात. ३२ च्या चोकला १२८ येते, म्हणजे १३० चा जेट. पुढे प्लगचा रंग पाहून खालीवर करावे. बी.एस. २ च्या आधीच्या गाडीला पी.यू.सी.त कार्बन मोनॉक्साइडची हद्द ३ टक्के आहे, तीही तपासून घ्यावी. गिऱ्हाइकाला भाव सांगताना जेटांचा संच आणि हा तपासणीचा एक दिवस आधीच धरावा, मागाहून मागू नये.