बॅटरीची गाडी आणि डोंगराचा चढ

श्रोते हो, भरलेल्या बैलगाडीपुढे घाट आला की गाडीवान काय करी? थोडे ओझे उतरवी, नाहीतर पुढे आणखी एक जोडी जुंपी. बैलांनी सपाटीइतकेच पळावे, असा हट्ट काही तो धरीत नसे. आगगाडीचेही तसेच आहे. कसारा घाटात चढ सदतीस फुटांना एक फूट आहे. म्हणून इगतपुरीकडे चढणाऱ्या पुष्कळ गाड्यांना मागून रेटायला जादा इंजिने लावतात. चढ फुकट चढता येत नाही, हे बैलालाही कळते आणि इंजिनालाही.

आज बोलायचे आहे ते बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीविषयी. गोल्फच्या मैदानासाठी निघालेली ही उघडी, चार चाकांची गाडी. हिलाच गोल्फ कार्ट म्हणतात. आता ती हॉटेलांच्या आवारात, मोठ्या बागांत, पुण्याच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातही दिसते. सपाटीवर ती गुपचूप, झकास पळते. पण चार माणसे बसवून चढाला लावली, की कुंथायला लागते. मालक म्हणतो, "मोठी मोटार बसवा!" आणि बरेच पैसे घालूनही गाडी होती तिथेच राहते. असे का होते, ते पाहू.

ही गोष्ट केवळ हौशी लोकांची नाही. आपल्या माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथे वर्षानुवर्षे माणूसच माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत आला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे बॅटरीच्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, असे सांगितले. ज्याने आजवर छाती फुटेस्तोवर रिक्षा ओढली, त्याची रोजी जर बॅटरीच्या गाडीवर चालायची, तर ती गाडी चढावर दमून कशी चालेल?

आता थोडा हिशेब. समजा, माणसांसकट गाडीचे वजन ७०० किलो आहे. सपाट रस्त्यावर चाकांचे घर्षण वगैरे धरून तिला पुढे ढकलायला सुमारे १४ किलोचा जोर पुरतो. रस्ता दहा फुटांना एक फूट चढू लागला, की वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे आणखी ७० किलो मागे खेचू लागतात. चौदाचे झाले चौऱ्याऐंशी! सहापट. म्हणजे सपाटीवर ताशी २० किलोमीटरला मोटारीला बॅटरीकडून वीसपंचवीस अँपिअर प्रवाह लागत असेल, तर त्याच वेगाने हा चढ चढायला सव्वाशे ते दीडशे अँपिअर लागतील. ही गोष्ट ४८ व्होल्टच्या गाडीची. वेग निम्मा केला, तर ताकदही साधारण निम्मीच लागते.

शिक्षक मंडळी, हे वर्गात दाखवता येईल. मीटरभर लांबीची फळी घ्या, चाकांच्या खेळण्यात एक वीट ठेवा आणि ताणकाट्याने ओढा. मग फळीचे एक टोक दहा सेंटिमीटर उचला आणि पुन्हा ओढा. काट्याचा आकडा मुलांनाच वाचू द्या.

तेव्हा मोटारीकडे जाण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा. टायरांत हवा पुरी आहे का? गाडी जॅकवर उचलून चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल, तर अर्धी ताकद तिथेच मरते. मागच्या फळीवर उगाच सामान लादलेले आहे का?

मग बॅटरी. ४८ व्होल्टच्या गाडीत पुष्कळदा आठ-आठ व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. गाडी उभी असताना मीटरवर सगळ्या सारख्याच दिसतात. खरी परीक्षा चढावर. एकाने गाडी चालवावी आणि जाणत्या माणसाने चढावर प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. जी इतरांपेक्षा फार खाली जाईल, ती आजारी. एक बैल लंगडा झाला की दुसरा कितीही तगडा असो, गाडी लंगडीच चालते. पाणी कमी असेल तर शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घाला. आणि बरं का, चार्जिंग होत असता जवळ विडी ओढू नका. तेव्हा बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. काम करताना हातातली अंगठी, कडे काढून ठेवा.

तिसरी पाळी तारांची. ही बाब फार थोड्यांच्या ध्यानात येते. तारेत आणि सांध्यांत मिळून एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आहे असे धरा. सपाटीवर २५ अँपिअरला तिथे सहा-सव्वासहा वॅट जळतात. कोणाला पत्ताही लागत नाही. चढावर १५० अँपिअर वाहू लागले, की त्याच तारेत २२५ वॅट जळतात! प्रवाह सहापट, उष्णता छत्तीसपट. म्हणून गंजलेले सांधे घासून घट्ट करा. बारीक १३ चौरस मिलिमीटरच्या तारेऐवजी ३५ चौरस मिलिमीटरची घातली, तर तारेचा अडथळा चाळीस टक्क्यांहून कमी राहतो. चढ चढून आल्यावर गाडी बंद करा, बॅटरीची जोडणी सोडवा आणि सांध्याजवळ हात नेऊन पाहा. जो सांधा तापलेला असेल, तोच चोर.

एवढे केल्यावरही गाडी दमत असेल, तर मग कंट्रोलर. मोटारीला किती प्रवाह सोडायचा, हे ठरवणारी ही पेटी. पाटाचे दार अर्धेच उघडत असेल, तर विहिरीला पाणी असून शेत कोरडे राहते; तसेच हे. जास्त अँपिअरचा कंट्रोलर घातला की चढावरचा जोर वाढतो. पण मग तारा, मुख्य स्विच आणि बॅटरी यांनाही तो प्रवाह झेपला पाहिजे.

मोटार सगळ्यांत शेवटी, आणि तीही पारखून. काही मोटारी जोराच्या असतात, काही वेगाच्या. वेगाची मोटार सपाटीवर पळेल, पण चढावर तापेल. मोठ्या चाकांचाही मोह आवरा. १८ इंचांऐवजी २२ इंचांची चाके लावली, की चाकाचा जोर अठरा टक्क्यांनी घटतो. सायकलीवर चढाला आपण हलका गिअर घेतो; इथे आपण नेमके उलटे करीत असतो.

लिथियमच्या बॅटरीविषयीही लोक विचारतात. सहा शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन सुमारे १७० किलो भरते. तेवढ्याच कामाची लिथियमची बॅटरी पन्नास किलोंच्या आसपास असते. म्हणजे जवळजवळ दोन माणसे गाडीतून उतरल्यासारखे झाले! शिवाय चढावर तिचा व्होल्टेज शिशाच्या बॅटरीइतका खाली जात नाही. मात्र तिच्या आत एक राखणदार पेटी असते. ती शंभर अँपिअरचीच असली आणि चढाला दीडशे लागले, तर ऐन चढावर ती वीज तोडील. म्हणून घेण्याआधी तो आकडा विचारा. चार्जरही तिच्याजोगाच लागेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. जी गाडी वर जाईल, ती खालीही येणार. वेग वीसचा तीस केला, म्हणजे दीडपट. पण गाडी थांबवण्याचे काम होते सव्वादोनपट. अशा पुष्कळ गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि उतारावर वजन पुढच्या चाकांवर जाते. मग मागची चाके घसरतात. तेव्हा वेग वाढवायचा पैसा हाती आला, की त्यातला पहिला रुपया ब्रेकवर घाला.

कायद्याचेही ध्यान ठेवा. ई-रिक्षाला मोटारीची मर्यादा ४००० वॅटची आणि वेगाची ताशी २५ किलोमीटरची आहे. नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला मंजूर नाही. आवारातल्या खाजगी गाडीत जे चालते, ते रस्त्यावरच्या रिक्षात चालेलच असे नाही.

सारांश काय? आधी ओझे आणि ब्रेक, मग बॅटरी, मग तारा, मग कंट्रोलर आणि सर्वांत शेवटी मोटार. हा क्रम पाळला, तर पुष्कळ गाड्या मोटारीपर्यंत न जाताच चढू लागतात. आणि चढावर गाडी ताशी वीसऐवजी बाराने चालली, तर त्यात कमीपणा कसला? वर नेलेली माणसे सुखरूप खाली आणते, तीच खरी चढाची गाडी.