परदेशस्थ डॉक्टरांचे देणे

गरीब देशाच्या पैशावर शिकलेला डॉक्टर श्रीमंत देशात निघून गेला, की ‘पळपुटा’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. मला हा प्रश्न इतका सोपा वाटत नाही. पगार तुटपुंजा, औषधांची टंचाई, पुढील शिक्षणाची सोय नाही, अशा स्थितीत माणसे बाहेर पडतात. गेलेली माणसे मायदेशाला काय देऊ शकतात, हे आपण तपासले पाहिजे. त्यासाठी मी पश्चिम आफ्रिकेतील घानाचे उदाहरण घेतो.

क्वाबेना फ्रिम्पाँग-बोआतेंग यांनी घानात वैद्यकीय पदवी घेतली आणि जर्मनीत हृदयशस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. मायदेशी परतून १९८९ मध्ये अक्रा येथील कोर्ले बू रुग्णालयात त्यांनी राष्ट्रीय हृदयशस्त्रक्रिया केंद्र उभारले. परंतु सर्वांनाच कायमचे परतणे जमत नाही. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २००१ मध्ये आफ्रिकेसाठी एक योजना सुरू केली. पुढे तिच्यामार्फत नेदरलँड्स व इतर युरोपीय देशांत स्थायिक झालेले घानाचे डॉक्टर आणि परिचारिका थोड्या मुदतीसाठी मायदेशी येऊन रुग्णालयांत काम करू लागले, शिकवू लागले.

अशा कामाची माझी कसोटी एकच आहे: पाहुणा परत गेल्यावर मागे काय उरते? भेट दिलेले यंत्र सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस नसेल तर कोपऱ्यात पडून राहते. शिकवलेला हात मात्र कामी येत राहतो. घानाने २००३ मध्ये तज्ज्ञ डॉक्टर घडवणारे स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले. परदेशस्थांनी तेथे शिकवले, तर तज्ज्ञ होण्यासाठी देश सोडण्याचे एक कारण कमी होते.

आणि हे ज्ञान कोणापर्यंत पोहोचते? उत्तर घानातील नाव्रोंगो येथे १९९४ मध्ये परिचारिकांना गावातच राहायला ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे तोच देशाचे धोरण बनला. या परिचारिकेला बळ मिळत नसेल, तर राजधानीतील झगमगाट गरिबाच्या काय उपयोगाचा?

श्रीमंत देशांनाही सोडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची भरतीविषयक आचारसंहिता ऐच्छिक आहे. ती मोडणाऱ्याला शिक्षा नाही. तयार डॉक्टर फुकट मिळवणाऱ्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचललाच पाहिजे.

मी याला दान म्हणणार नाही. दानात देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. हे समाजाचे देणे आहे, आणि ते कोठे व कसे फेडायचे हे ठरवण्याचा अधिकार तेथील जनतेचा आहे.