बंद दार उघडायला लावणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीही बहुतेक पुरुषांच्याच. त्यामुळे आमच्या चिचगडसारख्या आडगावची एखादी मुलगी दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवते, तेव्हा कौतुक दोन दिवस टिकते आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात, "एवढं शिकवून काय करता? शेवटी चूलच फुंकायची ना!" अशा पाहुण्यांना सांगण्यासाठी डॉ. कमला सोहोनी यांची हकिकत प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. कमलाबाईंचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे सुरुवातीचे विद्यार्थी. घरात विद्या होती, पुस्तके होती, पाठिंबा होता. आपल्या माणसांच्या वाट्याला त्या काळी जे आले, त्याच्याशी तुलना केली तर कमलाबाई सुदैवीच म्हणायच्या. तरीही त्यांना दार बंद मिळाले. कारण एकच, त्या स्त्री होत्या.

प्रवेशासाठी सत्याग्रह

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या व त्यांनी बंगलोरला प्रवेशासाठी अर्ज केला. तेव्हा तेथे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले, जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर संस्थेत मुलगी नको म्हणून.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगलोरला जाऊन थडकल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन असे त्यांनी बजावले. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही काम करायचे. आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! त्या तरुण मुलीने हा अपमान गिळला आणि काम केले. वर्षभरात त्यांची चिकाटी पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

१९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपल्या लोकांनी सत्याग्रह केला, तो पाण्याच्या हक्कासाठी. कमलाबाईंनी धरलेला हट्ट विद्येच्या हक्कासाठी होता. दोन्हीकडे हक्क मागणाऱ्याची लायकी कोणी तपासलीच नव्हती. जन्म पाहून दार लावले गेले होते.

केंब्रिज ते मुंबई

पुढे शिष्यवृत्त्यांच्या बळावर कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे द्रव्य आढळले. सजीवांच्या श्वसनक्रियेत या द्रव्याचे काम फार मोलाचे आहे आणि ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ साली त्या पीएच.डी. होऊन परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. परदेशात राहणे शक्य असूनही त्या मायदेशी आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले.

१९४७ साली त्यांचा विवाह श्री. सोहोनी यांच्याशी झाला व त्या मुंबईला आल्या. तेथील सरकारी विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले, विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले आणि घरी दोन मुलेही वाढवली. संसार आणि प्रयोगशाळा यांपैकी एकच निवड, असे त्यांनी मानले नाही.

गरिबाच्या ताटावर संशोधन

आम्ही कचेरीत कागदाला कागद लावणारी माणसे. तरी त्यांच्या कामाचा विषय आम्हांस फार जवळचा वाटतो. कारण तो गरिबाच्या ताटाचा आहे. डाळी व कडधान्ये, धानाचे पीठ आणि नीरा हे त्यांचे विषय.

वाल आणि डबल बी यांसारख्या कडधान्यांत कच्चेपणी एक घटक असतो. तो पोटातील प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवतो. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या घटकाचा अभ्यास केला. नीट शिजवल्यावर याचा जोर बहुतांशी जातो. आपल्या आया-आज्या कडधान्य रात्री भिजत घालून मऊ शिजवत आल्या, त्यामागे केवळ चव नव्हती. मजुराच्या घरी प्रथिनांचा मुख्य आधार डाळच असते. ती अंगी लागली पाहिजे.

नीरेचे काम त्यांनी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. ताडाच्या ताज्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह असते. आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गर्भवती स्त्रियांना नीरा दिली असता त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ऊन चढले की हाच रस आंबून त्याची ताडी होते. गावोगावी दारूविरुद्ध झटणाऱ्या आमच्या महिला मंडळांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

निवृत्तीनंतरही

एवढे काम करूनही संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे ते काही वर्षे लांबले. अखेर त्या संस्थेच्या संचालक झाल्या व १९६९ साली निवृत्त झाल्या. पण पेन्शन घेऊन घरी बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ग्राहकांच्या संघटनेत त्यांनी अन्नातील भेसळीविरुद्ध काम केले आणि 'आहार-गाथा' हे पुस्तक मराठीत लिहिले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

उतारवयात मागे वळून पाहताना त्यांनी रामन यांची थोरवी मान्य केली, पण स्त्री म्हणून झालेला अपमान विसरल्या नाहीत. मोठ्या माणसाच्या मोठेपणापुढे अन्याय झाकून ठेवायचा नसतो, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

बंधू-भगिनींनो, कमलाबाईंपुढे एक दार बंद होते. आपल्या मुलींपुढे दोन असतात, कधी तीनही. स्त्री म्हणून, जातीमुळे आणि गरिबीमुळे. पण आज हाताशी साधनेही आहेत. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. परदेशी शिकण्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे व ती नवबौद्ध मुलामुलींनाही लागू आहे. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवला, तर अर्धे काम होते. गोंदियाच्या महाविद्यालयात जायला बसभाडे लागते हे खरे. ते बारशाच्या किंवा लग्नाच्या खर्चातून वाचवता येते हेही तितकेच खरे.

म्हणून यंदा विज्ञान शाखेचा अर्ज भरताना घरातील मुलीलाही विचारा. ती हो म्हणाली, तर पाहुण्यांना काय उत्तर द्यायचे ते आता आपल्याला ठाऊक आहे.