सत्यवानाची झोंप

पेण तालुक्यांतील जिते येथें आमच्या घरीं वटपौर्णिमेस सावित्रीची कथा सांगण्याचें काम पुष्कळ वर्षें मजकडे आहे. कथा मला तोंडपाठ. तिचा अर्थ मात्र गेल्या वर्षीं, पत्नी निवर्तल्यावर, कळला.

मुलांकरितां आजीच्या आठवणी लिहून ठेवाव्या, असें सूनबाईंनीं सुचविलें. मीं वही घेतली आणि आरंभींच लिहिलें, 'ती साक्षात् सावित्री होती.' नातीनें तें वाचून विचारलें, "पण आजोबा, आजीला काय आवडायचं?" अडतीस वर्षांच्या संसारानंतर मला उत्तर देतां येईना! माझ्या साऱ्या आवडीनिवडी तिला ठाऊक होत्या. तिची एकही मला सांगतां येईना.

तेव्हां मीं महाभारताचें वनपर्व पुन्हां उघडलें. आपण व्रत आणि उपवास तेवढे लक्षांत ठेवितों. मूळ कथेंतील सावित्री रथांत बसून स्वतः वर शोधावयास जाते. सत्यवानास वर्षभराचेंच आयुष्य आहे, असें नारदांनीं सांगितल्यावरही निवड बदलीत नाहीं. आणि यमास आपल्या धर्मयुक्त भाषणानें प्रसन्न करून घेते. पुढें सत्यवान जागा होतो आणि विचारतो, मी इतका वेळ झोंपलों, मला उठविलें कां नाहींस? तेथें मीं पोथी मिटली. तो सत्यवान मीच होतों.

पतिपत्नीचें प्रेम जसें घडलें तसें कसें लिहावें, हें आपल्या भाषेंत दोन स्त्रियांनीं पूर्वींच दाखविलें आहे. रमाबाई रानड्यांचा विवाह १८७३ सालीं झाला. १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत पतीविषयीं अपार आदर आहे. पण शिकूं लागल्यामुळें घरांतील बायकांकडून काय सोसावें लागलें, तेंही त्यांनीं लपविलें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेला वियोग, त्यांचा लहरी स्वभाव, स्वतःचा राग, सारें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. त्यानें प्रेमास उणेपणा आला नाहीं. तें आपल्या घरांतल्यासारखें वाटूं लागलें.

मीं वहीचें पहिलें पान फाडलें. आतां सूनबाईंना, शेजारणींना, तिच्या बहिणीला विचारून लिहीत आहें. सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर पडवींत बसून पाऊस ऐकणें तिला फार आवडे, असें कळलें. मी त्या वेळीं आंत निजलेला असें.

ज्या वाचकांची सहधर्मचारिणी आज घरांत आहे, त्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं तिलाच विचारावें, एवढीच विनंती.