शीतगृहात माल शोधणारे सेन्सर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उजनीच्या पाण्याने टेंभुर्णी-कंदरचा पट्टा केळीचा केला आणि केळीपाठोपाठ पॅकहाऊस व शीतगृहे आली. निर्यातीची केळी साधारण 13 ते 14 अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात. आधी आलेला माल आधी बाहेर पडला नाही, तर जहाजावर चढण्याआधीच पिकायला लागतो. म्हणून ‘कोणते पॅलेट कुठे आहे’ हे पडद्यावर दाखवणारी यंत्रणा इथे खरोखर उपयोगी आहे. पण तिच्याविषयीच्या काही समजुती महागात पडू शकतात.

‘मोबाईलमध्ये जीपीएस असताना वेगळे सेन्सर कशाला?’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो. पत्र्याचे छप्पर तो अडवते. त्यात शीतगृहाची भिंत पफ पॅनलची, म्हणजे दोन्ही बाजूंना धातूचा पत्रा आणि मध्ये फोम. रेडिओलहरी तिच्यातून पार होणे अवघड. त्यामुळे एका खोलीतले सेन्सर शेजारच्या खोलीवर लक्ष ठेवतील, हेही गृहीत धरू नका. प्रत्येक खोलीला स्वतंत्र अँकर, म्हणजे भिंतीवर कायम बसवायचे सेन्सर लागतात. दरपत्रकात ते धरले आहेत का, ते पाहा.

पॅलेटला ब्लूटूथ टॅग लावला की नेमकी जागा कळते, असेही मानले जाते. साधी ब्लूटूथ यंत्रणा संदेशाच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधते. केळ्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो आणि पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेते. रिकाम्या खोलीत दाखवलेले प्रात्यक्षिक म्हणूनच फसवे ठरते. खोली मालाने भरली की तोच टॅग काही मीटर पलीकडे दिसू शकतो. अल्ट्रा-वाइडबँड यंत्रणा लहरीला लागणारा वेळ मोजते. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे टॅग आणि अँकर यांच्यामध्ये काही आडवे नसेल तर 10 ते 30 सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. मध्ये पॅलेटची थप्पी आली की लहर भिंतीवर आपटून उशिरा पोहोचते आणि माल प्रत्यक्षापेक्षा दूर दिसतो.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज म्हणजे सेन्सर जास्त तितकी अचूकता जास्त. सहा अँकर एकाच भिंतीवर ओळीने लावले, तर टॅग त्या भिंतीपासून किती लांब आहे हे मोजताना गफलत होते. त्याऐवजी चारच अँकर चार कोपऱ्यांत, थप्प्यांच्या वर आणि कूलिंग युनिट व लोखंडी तुळयांपासून दूर लावले तर बरेच चांगले काम देतात. जमिनीवरची जागा कळायला टॅगला निदान तीन अँकर ‘दिसायला’ हवेत. उंचीही हवी असेल तर चार. खोलीचा एक कोपरा शून्य धरून प्रत्येक अँकरचे अंतर लेझर डिस्टन्स मीटरने मोजा. इथे चुकलेले अंतर पुढे त्या खोलीतल्या प्रत्येक पॅलेटच्या जागेत डोकावते. घाईने टेप धरून हे काम उरकणारा माणूस पूर्ण यंत्रणेचे नुकसान करतो. नंतर जमिनीवर खुणा करून त्यावर टॅग ठेवा आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहा. रॅक हलवले की ही तपासणी पुन्हा करावी लागते.

अनेकांना एवढी नेमकी जागा नकोच असते. कोणते पॅलेट कोणत्या खोलीत कधी गेले, इतकेच हवे असेल तर दारातून जाणारा टॅग वाचणारा आरएफआयडी रीडर पुरतो आणि खर्चही वाचतो. फक्त तो आपल्याकडे मोकळ्या असलेल्या 865 ते 868 मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारा घ्या; अमेरिकेसाठी बनवलेली यंत्रे 902 ते 928 मध्ये चालतात.

बॅटरी किती वर्षे टिकेल, हे टॅग किती वेळा संदेश पाठवतो त्यावर ठरते. शीतगृहातल्या दमटपणामुळे टॅगची डबी पाणी आत न शिरणारीच हवी. टॅग हमालांच्या किंवा फोर्कलिफ्ट चालकांच्या अंगावर लावायचे असतील, तर कशासाठी लावतोय हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. माणसाचा ठावठिकाणा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अशाच माहितीसाठी आहे.

यंत्रणा घेताना विक्रेत्याला एक अट घाला: ऐन हंगामात, मालाने भरलेल्या खोलीत चाचणी होईल आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच मिळेल.